'इनंडेशन' या शब्दाला मराठीत काय म्हणावे? सल्ला हवा आहे

खाडीकाठ :
नमस्कार. अलिबाग तालुक्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक नकाशा लावायचा आहे. त्यातील निळ्या भागावर इंग्रजीत 'इनंडेशन एरिया' असे लिहिलेले असून त्याचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी 'पूरक्षेत्र' असे लिहिले होते; परंतु ते वाचून शेजारचे काका म्हणाले, "पूर यायला आपल्याकडे नदी कुठे आहे? आपल्याकडे उधाणाला बांधाला खांड जाते आणि खारं पाणी शेतात शिरतं." त्यांचे म्हणणे मला पटले. या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि त्यासाठी कोणता मराठी शब्द योग्य ठरेल?

सुरंगी :
काकांची हरकत अगदी रास्त आहे, आणि शब्दाची व्युत्पत्तीही त्यांच्याच बाजूने आहे. लॅटिनमध्ये 'उंडा' म्हणजे लाट. त्यावरून 'इनुंडारे', म्हणजे लाटांनी वरून येऊन जमीन व्यापणे. म्हणजे या शब्दात नदी कुठेच नाही. पाणी कोठूनही आले तरी तो लागू पडतो. 'अबंडंट' आणि 'रिडंडंट' हे शब्द याच कुळातले असून दोहोंच्या मुळाशी ओसंडणे आहे. 'सराउंड'चाही मूळ अर्थ वरून वाहणे असाच होता, वेढण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. मला सर्वांत जवळचे वाटते ते संस्कृतशी असलेले नाते. 'उन्द्' म्हणजे भिजवणे हा धातू, 'उदक' आणि आपल्या दारातल्या 'समुद्रा'तला 'उद' हे सारे त्या 'उंडा'चे सगेसोयरे आहेत.
पत्रांनी किंवा तक्रारींनी 'इनंडेट' होणे हा लाक्षणिक अर्थ झाला. तेथे मराठीत 'ओघ' किंवा 'लोंढा' चालतो. नकाशावर मात्र तो नको.

वाशिष्ठीकाठ :
मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ रोजी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी चढले होते आणि ते ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ आम्ही अजून पुसलेली नाही. आमच्यासाठी तो पूरच होता, कारण ते वाशिष्ठीचे पाणी होते. तुमच्या फलकासाठी दोन गोष्टी सुचवते. 'फ्लड' म्हणजे दर वेळी पूर असे समजू नका. भरती-ओहोटीच्या संदर्भात 'फ्लड टाइड' म्हणजे साधी भरती. तसेच त्सुनामीच्या परिभाषेत 'इनंडेशन' म्हणजे पाणी किनाऱ्यापासून आडवे किती आत शिरले ते अंतर, तर ते जमिनीवर किती उंचीपर्यंत चढले त्यासाठी 'रन-अप' हा वेगळा शब्द आहे. म्हणून निळ्या रंगाने पाण्याचा विस्तार दाखवला आहे की खोली, हे नकाशा करणाऱ्यांना आधी विचारा. 'आप्लावन' हा संस्कृत प्रतिशब्द अर्थाने बिनचूक असला, तरी पहाटे तीन वाजता घाबरून फलकापाशी आलेल्या माणसाला तो कळणार नाही.

सुरंगी :
'आप्लावन' नको, याच्याशी पूर्ण सहमत. 'जलमय'ही टाळावे; त्यातून वर्तमानपत्री मथळ्याचा भास होतो आणि धोका कळत नाही.

खाडीकाठ :
दोघींचेही मनापासून आभार. विचारून घेतले, निळा रंग विस्ताराचाच आहे. आता शीर्षक 'उधाणात किंवा अतिवृष्टीत पाण्याखाली जाणारा भाग' असे करत आहे. काकांच्या सांगण्यावरून, बांधाला पूर्वी जेथे खांड गेली होती ती जागा आणि उघाडी (बांधातून पाणी बाहेर सोडण्याचे दार) या दोन्ही खुणा लाल रंगात वेगळ्या दाखवणार आहे.