अँड्र्यू मरे नेमका कधी वारला? मदत हवी आहे

मंडळी, स्कॉटलंडच्या अँड्र्यू मरेवर टिपण लिहितोय आणि मृत्युतारखेपाशी गाडं अडलंय. ११ सप्टेंबर १२९७ ला इंग्रजांविरुद्धच्या स्टर्लिंग ब्रिजच्या लढाईत तो विल्यम वॉलेसच्या बरोबरीचा सेनापती. १३०० साली बेरिकला झालेली वारसा-चौकशी (मालमत्तेचा वारस ठरवायची सरकारी तपासणी) सांगते की तो स्टर्लिंगलाच इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढताना मारला गेला. पण ११ ऑक्टोबर १२९७ चं ल्यूबेक आणि हॅम्बुर्ग या जर्मन शहरांना धाडलेलं पत्र दोघांच्या नावाने आहे, तेही मरेचं नाव आधी! त्यावर मोहोर मात्र वॉलेसची, धनुष्याचं चित्र असलेली. ७ नोव्हेंबरच्या हेक्सम मठाच्या अभयपत्रातही दोघं. मार्च १२९८ च्या सनदेत फक्त वॉलेस.

लढाईत घायाळ होऊन तो नोव्हेंबरच्या सुमारास गेला, हे मत मला जास्त पटतं. चौकशी इंग्रजांच्या ताब्यातल्या गावात, तीन वर्षांनी झालेली. ‘स्टर्लिंगच्या जखमांनी मेला’चं ‘स्टर्लिंगला मेला’ व्हायला कितीसा वेळ लागतो?

तरी एक शंका राहतेच. नुसत्या नावावरून माणूस हयात होता असं धरता येतं का? मेलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या सेनापतीच्या नावाने पत्रं काढल्याची त्या काळातली उदाहरणं कोणाला माहीत आहेत का? आणि वंशावळीत तारीख कशी लिहाल: एकच, की ‘सप्टेंबर ते नोव्हेंबर १२९७’?