एस्टीमची बॅटरी डिकीत न्यायची आहे, सल्ला हवा (बजेट ६ हजार)

मुलुंडचा_एस्टीमवाला
बाबांची २००३ ची एस्टीम, पेट्रोल. सायनच्या सिग्नलला एसी चालू असला की तापमानाचा काटा चढतो. मोठा रेडिएटर आणि दुसरा पंखा बसवायचा आहे, पण बॅटरी आडवी येते. डिकीत नेली तर जागा होईल. कुणी केलंय का? वायर किती जाड, फ्यूज कुठे? बजेट ६ हजार, त्यात नवी बॅटरी नाही.

परळकर
एजीएमच घ्या, म्हणजे आम्ल आत शोषून ठेवणारी बंद बॅटरी. माझे ९ हजार गेले, पण तीन वर्षं तिला हात लावलेला नाही. साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरे. बॉनेटखाली वारा खेळतो, डिकी म्हणजे बंद पेटी.

मुलुंडचा_एस्टीमवाला
दादा, ६ हजारांत बसवायचंय सगळं.

कुर्ला_गॅरेज
फ्यूजचं आधी ऐक. माझ्या जुन्या गाडीत वायरमनने फ्यूज न लावताच केबल पुढे नेली. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात रबरी ग्रोमेटही (कडेचं कडं) नव्हतं. आठ महिन्यांत पत्र्याच्या कडेने इन्सुलेशन कापलं. वाशीच्या पुलावर गालिच्याखालून वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास आला, पायाखाली धूर. डिकी उघडून दहाच्या पान्याने टर्मिनल सोडवेपर्यंत हात थरथरत होते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, इंजिनाकडे लावून उपयोग नाही, मधली सगळी केबल उघडी पडते. १५० ते २०० अँपिअरचा मेगा फ्यूज घे.

तारांचा_हिशोब
जाडीचं गणित सांगतो. ३५ चौ. मिमी तांब्याची केबल मीटरला साधारण अर्धा मिलिओहम. चार मीटर म्हणजे दोन. स्टार्टरने १५० अँपिअर ओढले की ०.३ व्होल्ट जातात, चालतं. १६ ची घेतलीस तर दुपटीहून जास्त जातील आणि थंड सकाळी सेल्फ रडेल. लोहार चाळीत वेल्डिंग केबल मीटरवर मिळते. तांब्याचीच माग, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची गळ्यात मारतात. केबलच्या टोकाचे लग (बोल्टने जोडायची कडी) हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबून घे.

परळकर
निगेटिव्हही वेगळी केबल टाकून पुढे न्या. बॉडीवर भरवसा नाही.

तारांचा_हिशोब
का नाही? बॉडीचा पत्रा धडधाकट असेल तर बॅटरीपासून बॉडीपर्यंत छोटी जाड केबल पुरते. रंग खरवडून, चकाकता पत्रा दिसेपर्यंत, मग बोल्ट. इंजिन ते बॉडीची जुनी पट्टी मात्र शाबूत हवी.

परळकर
२००३ चा मुंबईतला पत्रा धडधाकट? मी तळाला बोट घालून भोक पाडलंय.

बोरिवलीची_झेन
काटा का चढतो ते आधी बघाल का? माझी झेन अशीच तापायची. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) अर्धवट उघडत होता, रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलेलं. दोन्ही बदलले, हजारभरात काम झालं. पंख्याचा रिलेही तपासा.

डिकीत_सिलिंडर
आमच्याकडे डिकीत सीएनजी आहे. सिलिंडरशेजारी बॅटरी ठेवायचं मनातही आणू नका.

मुलुंडचा_एस्टीमवाला
माझी फक्त पेट्रोलवर आहे.

कलिना_२००५
स्टेपनीच्या खाचेत बॅटरी ठेवू नकोस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, माझ्या गाडीच्या त्या खाचेत दोन दिवस गढूळ पाणी होतं. चाकाच्या कमानीवर उंच, पट्टीने आवळून बसव. दहा-एक किलोचं धूड अपघातात सुटलं तर थेट मागच्या सीटवर.

परळकर
विम्याला लेखी कळवा. आणि एजीएम घ्या, परत सांगतो. ब्रिटिश मिनी गाडीत १९५९ पासून बॅटरी डिकीतच होती, पण ती कंपनीने तशी आखलेली.

कुर्ला_गॅरेज
फ्यूज विसरू नकोस.

मुलुंडचा_एस्टीमवाला
सगळ्यांचे आभार. बोरिवलीच्या ताईंचं ऐकून झाकण आणि थर्मोस्टॅट बदलले. काटा खरंच खाली आला, एसीवरही अर्ध्याच्या खाली. तरी दुसरा पंखा लावतोच आहे. मे महिन्यात बाबांना डायलिसिसला केईएमला न्यायचं असतं, वाटेत एसी बंद करायची वेळ मला नको. बॅटरी जुनीच, बंद डब्यात, गॅस बाहेर सोडणारी नळी फ्लोअरच्या भोकातून खाली. निगेटिव्हही वेगळी. ३५ ची १० मीटर केबल आणली, १५० चा फ्यूज घेतला. रविवारी मागची सीट काढतो.

कुर्ला_गॅरेज
ग्रोमेट घेतलंस का?

मुलुंडचा_एस्टीमवाला
दोन घेतलीत.