पूर्ण हायब्रिड गाडी निवडायची आहे: आतली जागा, मायलेज आणि बांधणीचा देश यांची तुलना कशी करावी?

आमच्या घरात पाच माणसे आहेत. त्यांपैकी आईचे गुडघे दुखतात आणि लांबच्या प्रवासाला निघताना तिची घडीची व्हीलचेअर सोबत घ्यावी लागते. सध्याची पेट्रोल गाडी आता थकली असल्यामुळे पूर्ण हायब्रिड, म्हणजे बाहेरून चार्ज करावी न लागणारी, पण थोडे अंतर निव्वळ विजेवर जाऊ शकणारी गाडी घ्यायचे ठरले आहे. गेले दोन महिने माहितीपत्रके चाळून तीन नावे उरली आहेत: टोयोटा कोरोला टूरिंग स्पोर्ट्स (लांब डिकीची स्टेशन वॅगन), किआ निरो आणि होंडा जॅझ. आकडे तिन्ही गाड्यांचे भरपूर मिळतात, पण ते शेजारी शेजारी ठेवले की गोंधळ वाढतो. म्हणून मला जेवढे समजले आहे तेवढे आधी मांडतो आणि मग प्रश्न विचारतो. कुठे चुकत असेन तर जाणकारांनी निःसंकोच दुरुस्त करावे.

सुरुवात जागेपासून करतो, कारण मागच्या वेळी मी तिथेच फसणार होतो. दालनात एका गाडीची पेट्रोल आवृत्ती उभी होती. तिची डिकी मी टेपने मोजली, समाधान झाले आणि त्याच नावाच्या हायब्रिडसाठी पैसे भरायला निघालो. सुदैवाने त्याच दिवशी प्रत्यक्ष हायब्रिड गाडी पाहायला मिळाली, तर तिच्या डिकीचा तळ चांगला वर आलेला होता आणि व्हीलचेअर आडवी बसत नव्हती. नंतर शोधले तेव्हा कळले की हा प्रकार अपवादात्मक नाही. होंडा सिटीच्या पेट्रोल आवृत्तीची डिकी ५०६ लिटरची आणि हायब्रिडची ३०६ लिटरची आहे, कारण मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे बसवली आहे. कोरोला हॅचबॅकमध्ये तर दोन्ही आवृत्त्या हायब्रिड असूनही १.८ लिटर इंजिनाच्या गाडीला ३६१ लिटर डिकी मिळते आणि २.० लिटरच्या गाडीला ३१३ लिटर. टूरिंग स्पोर्ट्समध्ये हाच फरक ५९६ आणि ५८१ असा किरकोळ राहतो.

नाव एकच असले तरी गाडी एकच असते असेही नाही. कोरोला हॅचबॅकचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर) २,६४० मिलिमीटर, तर टूरिंग स्पोर्ट्स आणि सेदान यांचा २,७०० मिलिमीटर आहे. हे सहा सेंटिमीटर बहुतांशी मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वाट्याला येतात. निरोचा व्हीलबेस २,७२० मिलिमीटर असून एकूण लांबी मात्र ४.४२ मीटर, म्हणजे ४.६५ मीटरच्या टूरिंग स्पोर्ट्सपेक्षा बरीच कमी आहे. तिची डिकी ४५१ लिटरची आहे. जॅझ सर्वांत लहान, सुमारे चार मीटरची. पण तिची इंधन टाकी पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागच्या सीटची बैठक वर दुमडता येते आणि तिथे उंच वस्तू उभी ठेवता येते. डिकी ३०४ लिटर. प्रश्न असा की बैठक दुमडली तर पाचवा माणूस बसणार कुठे? शिवाय जॅझची रुंदी जेमतेम १.७ मीटर आहे, निरोची १.८ मीटरहून अधिक.

आईच्या दृष्टीने आणखी एक माप महत्त्वाचे आहे आणि ते कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे सापडत नाही: सीटची जमिनीपासूनची उंची. निरो आणि जॅझ या दोन्ही गाड्या दीड मीटरपेक्षा उंच आहेत, टूरिंग स्पोर्ट्स त्याहून बुटकी आहे. डिकीला सर्वांत मोठी असलेली गाडीच आईला बसण्या-उठण्यासाठी सर्वांत अवघड ठरेल, अशी मला भीती वाटते.

आता मायलेज. युरोपीय डब्ल्यूएलटीपी या इंधनवापराच्या प्रमाणित चाचणीनुसार या तिन्ही गाड्यांचे आकडे चाकांच्या आकारानुसार थोडेफार बदलत असले तरी १०० किलोमीटरला सुमारे साडेचार लिटरच्या आसपासच फिरतात. ४.४ लिटर म्हणजे लिटरला २२.७ किलोमीटर आणि ४.८ लिटर म्हणजे २०.८ किलोमीटर. ऐकायला हा फरक मोठा वाटतो; पण आमचा वर्षाचा प्रवास १५,००० किलोमीटर धरला तर एका बाबतीत ६६० आणि दुसऱ्या बाबतीत ७२० लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे वर्षाला ६० लिटरचा फरक. सध्याची गाडी १०० किलोमीटरला साडेसात लिटर, म्हणजे वर्षाला १,१२५ लिटर पिते. तेव्हा तिघींपैकी कोणतीही घेतली तरी मोठी बचत होणारच आहे, आणि त्या साठ लिटरसाठी जागेवर पाणी सोडण्यात अर्थ नाही, असे माझे मत बनत चालले आहे.

एकच धाकधूक आहे. आमचे रोजचे जाणे-येणे शहरातले असले तरी महिन्यातून दोनदा ३०० किलोमीटरचा महामार्गाचा प्रवास होतो, आणि हायब्रिडचा फायदा सततच्या वेगात कमी होतो असे वाचले आहे.

तिसरा मुद्दा बांधणीच्या देशाचा. वडिलांचा आग्रह आहे की गाडी जपानमध्येच बांधलेली असावी. त्यांना मी सांगितले की टोयोटा या नावावरून काहीच ठरत नाही: कोरोला हॅचबॅक आणि टूरिंग स्पोर्ट्स इंग्लंडमधील बर्नास्टनला तयार होतात, त्यांची १.८ लिटरची इंजिने वेल्समधील डीसाइडच्या कारखान्यातून येतात आणि सेदान तुर्कस्तानातील साकार्याला बांधली जाते. निरो दक्षिण कोरियातील ह्वासंग येथील आहे. वडिलांच्या कसोटीला फक्त जॅझ उतरते, आणि जागेच्या कसोटीवर नेमकी तीच मागे पडते.

तर माझे प्रश्न असे आहेत. घडीची व्हीलचेअर आणि चार बॅगा यांसाठी लिटरच्या आकड्यावर कितपत विसंबावे? महामार्गावर या तीन गाड्यांच्या हायब्रिड पद्धतींपैकी कोणती कमी पेट्रोल पिते? आणि बांधणीचा देश विशिष्ट गाडीपुरता खात्रीने कसा ओळखावा, आणि त्याला मुळात किती महत्त्व द्यावे?

प्रतिसाद १

लिटरच्या आकड्याबद्दल आपली शंका रास्त आहे. युरोपात प्रचलित असलेल्या पद्धतीत एक लिटरचे, म्हणजे २० × १० × ५ सेंटिमीटरचे ठोकळे डिकीत रचून मोजतात. हे ठोकळे चाकांच्या कमानींमागच्या कोपऱ्यांत आणि तळाखालच्या कप्प्यातही मावतात. व्हीलचेअर मावत नाही. त्यामुळे तळाखालचा कप्पा धरून सांगितलेले ४५० लिटर आणि सपाट, चौकोनी ४५० लिटर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपण तीनच मापे घ्या: दोन्ही कमानींमधील रुंदी, डिकीच्या तोंडाची उंची आणि जमिनीपासून उंबरठ्यापर्यंतची उंची. शेवटचे माप व्हीलचेअर उचलणाऱ्याच्या कमरेसाठी आहे, ते विसरू नका. मागच्या सीटसमोरच्या जागेचा छापील आकडाही पुढची सीट कुठे ठेवून मोजला यावर अवलंबून असतो. घरातला सर्वांत उंच माणूस पुढे बसवावा आणि मग आईंना त्याच्या मागे बसवून पाहावे.

महामार्गाविषयी: ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती परत मिळवणे हा हायब्रिडचा मोठा आधार असतो आणि सलग वेगात ब्रेकच लागत नाही, म्हणून तिथे फायदा कमी होतो. टोयोटात इंजिन आणि मोटार ग्रहमाला पद्धतीच्या दंतचक्रांनी जोडलेली असतात. होंडात बहुतेक वेळ इंजिन जनित्र फिरवते व चाके मोटार फिरवते, पण महामार्गाच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडले जाते. निरोत सहा गिअरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे. तिन्हींमध्ये इंजिन थेट चाके ओढू शकते, त्यामुळे महामार्गावर यंत्रणेपेक्षा गाडीची उंची आणि आपला वेग यांचाच परिणाम अधिक जाणवेल. बुटकी टूरिंग स्पोर्ट्स इथे किंचित वरचढ ठरावी, असा माझा अंदाज आहे.

एक सावधगिरी: निरनिराळ्या देशांचे आकडे एकत्र करू नका. अमेरिकेतील ५७ मैल प्रति गॅलन म्हणजे लिटरला २४.२ किलोमीटर होतात, पण ब्रिटिश गॅलन मोठा असल्यामुळे तेच ५७ मैल तिथे २०.२ किलोमीटरच भरतात. जुनी गाडी पाहत असाल तर २०१८ पूर्वीचे युरोपीय आकडे बहुधा जुन्या एनईडीसी चाचणीचे असतात आणि ते फार उदार असत.

प्रतिसाद २

बांधणीचा देश ओळखण्यासाठी १७ अक्षरांकी चासी नंबर पाहावा. पहिले अक्षर जे असेल तर जपान, के असेल तर सामान्यतः दक्षिण कोरिया. ब्रिटनमध्ये बांधलेल्या टोयोटाचा नंबर एसबी१ ने आणि तुर्कस्तानातील टोयोटाचा एनएमटी ने सुरू होतो. नोंदणीच्या कागदावर तो असतोच. काचेच्या कडेला आणि दाराच्या खांबावरही बहुधा सापडतो. जपानच्या स्थानिक बाजारातून आयात केलेल्या जुन्या गाडीवर मात्र १७ अक्षरांऐवजी छोटा चासी क्रमांक असतो, तो पाहून घाबरू नये.

महत्त्वाविषयी बोलायचे तर मी आपल्या वडिलांशी सहमत नाही. बर्नास्टनला २०१० पासून, म्हणजे ऑरिस हायब्रिडपासून, हायब्रिड गाड्या बांधल्या जात आहेत. तो नवशिका कारखाना नव्हे. बांधणीचा देश म्हणजे केवळ अंतिम जुळणीचे ठिकाण. बॅटरी, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटारीला चालेल अशी बदलून देणारे यंत्र) आणि इंजिन तीन वेगवेगळ्या देशांतून येऊ शकतात. मी त्याऐवजी बॅटरीची हमी किती वर्षांची आहे आणि ती टिकवण्यासाठी दरवर्षी तपासणी करून घेणे बंधनकारक आहे का, हे लेखी विचारले असते. बॅटरीला थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळीही पाहून ठेवा. अनेक हायब्रिडमध्ये ती मागच्या सीटच्या बाजूला असते आणि तिच्यावर सामान रचले की हवा अडते. पाच माणसे आणि भरगच्च सामान असलेल्या घरात हे हमखास घडते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज टेप, व्हीलचेअर आणि आई यांच्यासह दोन ठिकाणी जाऊन आलो. जॅझ बाद झाली. मागे तिघांचे खांदे बसेनात, आणि वडिलांनी स्वतःच मधल्या जागी बसून पाहिल्यावर जपानचा आग्रह सोडला. टूरिंग स्पोर्ट्समध्ये व्हीलचेअर आडवी सहज बसली आणि वर बॅगाही राहिल्या, मात्र आईला उठताना दाराचा खांब धरावा लागला. निरोत ती विनासायास उतरली, पण व्हीलचेअर तिरकी ठेवल्यावर दोनच बॅगा मावल्या. चाके काढून ठेवता येणारी व्हीलचेअर कुणी वापरली असेल, तर घडी केल्यावर तिची जाडी किती भरते एवढे कृपया सांगावे. निरोच्या डिकीत मला १२ सेंटिमीटर कमी पडत आहेत.