प्रतिसाद: रोज पन्नास समानार्थी शब्द पाठ करून घ्यावेत का?

वर रोज पन्नास शब्द घोकून घ्यायचा सल्ला आलाय. माझी भाची यंदा सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसतेय, तिच्यावर तो करून पाहिला. चौथ्या दिवशी पहिले पन्नास सफाचट!

मग पद्धत बदलली. पाण्याचे तीनच शब्द घेतले: जल, नीर, वारि. ‘ज’ जोडला की कमळ (जलज, नीरज, वारिज), ‘द’ जोडला की ढग (जलद, नीरद, वारिद), ‘धि’ जोडला की समुद्र. बारा शब्द झाले, घोकंपट्टी शून्य. पुढे पयोद (ढग), अंबुज (कमळ) पोरीने स्वतःच ओळखले.

आम्हा इंदूरकरांची खरी गोची वेगळीच. पेपर मराठीतही देता येतो, पण आमची मुलं हिंदी माध्यमातली, म्हणून पेपर हिंदीत; घरी मात्र मराठी. ‘चेष्टा’चा पर्यायवाची (समानार्थी शब्द) विचारला तर हिने बिनधास्त ‘मज़ाक’वर खूण केली, उत्तर ‘प्रयास’. तसंच शिक्षा (हिंदीत शिक्षण), संसार, यातायात, व्यस्त. घरात एक अर्थ, पेपरात दुसरा. अशा शब्दांची वेगळी वही केलीय. आजीला ती वही भलतीच आवडते, ‘शिक्षा मंत्री’वर रोज हसते.

आणि हो, भाषेचे प्रश्न २५, प्रत्येकी २ गुण. गणित एकटंच १५० गुणांचं, ३०० पैकी. तेव्हा शब्दांना रोज वीस मिनिटं, ती पण जेवताना. त्याहून जास्त मी तरी देणार नाही.