ऑब्सिडियनमधल्या नोट्स: फोल्डरात फोल्डर किती?

घडीमोड (प्रश्न)
राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या नोट्स ऑब्सिडियन या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये आहेत, विंडोज लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन दोन्हीकडे. रचना अशी: मुख्य → जीएस १ (सामान्य अध्ययनाचा पेपर) → इतिहास → महाराष्ट्र → समाजसुधारक → शाहू महाराज. शाहूंच्या १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशावरची नोट इथेही लागते आणि राज्यघटनेतल्या आरक्षणाखालीही. त्यामुळे दोन प्रती झाल्यात. एकीत भर पडते, दुसरी जुनीच राहते. फोनवर तिथवर पोचायला सहा टिचक्या. थर कमी करायचे तर सुरुवात कुठून करू?

कोरापाना
फाइल एका वेळी एकाच फोल्डरात राहते, विषय मात्र राहत नाही. दुखणं तिथेच आहे. फोल्डर फक्त पेपरपुरते ठेवा: जीएस १ ते ४, आणि पाचवा 'कच्चं'. आत उपफोल्डर एकही नको. एका फोल्डरात तीनशे फाइली दिसल्या की धडकी भरते खरी, पण ती यादी खाली सरकवत वाचायचीच नसते. कंट्रोल + ओ दाबायचं (नावाने नोट उघडणारी चौकट येते), 'शाहू १९०२' टाइप करायचं.

विषयाचं काम सूची पानाला द्या. 'सूची - आरक्षण' नावाची साधी नोट करा. मथळे: संस्थानी काळ, कलम १५(४) आणि १६(४), निवाडे. संस्थानी काळाखाली शाहूंच्या नोटेची लिंक, निवाड्यांखाली इंद्रा साहनी, १९९२. शाहूंची तीच लिंक 'सूची - समाजसुधारक' मध्येही टाका. फाइल एकच राहते. प्रत्येक लिंकेपुढे अर्धी ओळ लिहा: 'कोल्हापूर संस्थान, ५० टक्के जागा राखीव'. नुसत्या लिंकांच्या माळेतून महिन्याभराने काही बोध होत नाही. चार-पाच नोट्स झाल्याशिवाय सूची काढू नका, नाहीतर रिकाम्या सूचींचं नवंच जंगल उभं राहतं.

हलवताना क्रम महत्त्वाचा. आधी सिंक (फोन-लॅपटॉपची जुळवणी) थांबवा आणि सगळा व्हॉल्ट, म्हणजे नोट्सचा मुख्य फोल्डर, दुसरीकडे कॉपी करा. सेटिंग्जमध्ये 'फाइल्स अँड लिंक्स' खाली लिंका आपोआप बदलण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघा. मग एकाच नावाच्या फाइली शोधा. खोल फोल्डरांत 'कारणे', 'परिणाम', 'प्रस्तावना' अशी नावं हमखास असतात, कारण संदर्भ फोल्डर पुरवत असतो. फोल्डर गेला की ती आंधळी होतात, शिवाय एका फोल्डरात दोन 'कारणे' राहूच शकत नाहीत. '१८५७ उठाव - कारणे' असं पूर्ण नाव द्या. त्यानंतरच हलवा, आणि तेही ऑब्सिडियनच्या आतून. विंडोजच्या एक्सप्लोररमधून नाव बदललं तर लिंका जुन्याच नावाकडे बोट दाखवत राहतात.

दोन प्रती एक करायला 'नोट कंपोझर' हे कोअर प्लगइन (अ‍ॅपसोबतच येणारी जोडसोय) चालू करा. त्याची मर्ज आज्ञा उघडी नोट दुसरीत ओतते आणि लिंकाही वळवते. मजकूर दुबार येईल, तो हातानेच छाटावा लागतो.

उभीरेघ
वरच्याशी सहमत, फक्त टॅगांचा (नोटेत # लावून लिहायच्या खुणांचा) मोह टाळा. #इतिहास/महाराष्ट्र/समाजसुधारक असे टॅग म्हणजे तोच चक्रव्यूह मागच्या दाराने. टॅग नोटेच्या अवस्थेपुरते ठेवा: #अपूर्ण, #उजळणी, #आकडे-तपासा. टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, म्हणून जोडरेघ.

मराठी नावांची वेगळी गंमत आहे. अँड्रॉइडवर फाइलनावाची मर्यादा साधारण २५५ बाइट, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'सत्यशोधक' दिसायला लहान, पण आठ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. साधारण ८० चिन्हांपुढे नाव गेलं की लॅपटॉपवर नीट दिसणारी फाइल फोनवर येतच नाही. विंडोजची अडचण उलटी: तिथे सगळा मार्ग मिळून २६० अक्षरं, आणि ती सहा फोल्डरांतच संपत येतात. नावात अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्हही नको.

शोधताना '१९०२' आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल वेगळं धरलं जातं. 'शेतकऱ्यांचा' मधला ऱ्या दोन कीबोर्डांवर दोन तऱ्हेने साठतो. डोळ्याला फरक दिसत नाही, सर्चला मात्र तो सापडत नाही. फोन आणि लॅपटॉपवर एकाच पद्धतीने टाइप करा, नाहीतर नोटेच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अलायसेस' खाली पर्यायी रूपं लिहा.

घडीमोड
पटलं. पीडीएफ आणि नकाशांची चित्रं? ती आता ज्या-त्या फोल्डरात विखुरलीत.

कोरापाना
त्यांना सहावा फोल्डर, 'जोडण्या'. त्याच 'फाइल्स अँड लिंक्स' सेटिंगमध्ये नव्या जोडण्यांची ठरावीक जागा म्हणून तो नेमून द्या. जुन्या फाइली ऑब्सिडियनमधूनच ओढून तिकडे टाका. चित्रांची नावं 'इमेज १' छापाची असतील तर आधी बदला, एकाच फोल्डरात आली की तिथेही टक्कर होते. पीडीएफ मोठ्या असतील तर व्हॉल्टबाहेरच बऱ्या, फोनचं सिंक त्यांच्यापायीच रेंगाळतं.