विसार अडकलाय, मालक फिरलाय. काय करू?

भांडुपकर_७९: विक्रोळीत १ आरके, ६२ लाखांना ठरली. नोटरी केलेली विसारपावती आहे, ८ लाख चेकने, १ लाख रोख. ताबा नाही. आता मालक म्हणतो भाव वाढलाय, ७० द्या. मला खोलीच नको, पैसे परत हवेत. वकिलाला २० हजारांपुढे झेपणार नाही.

निवांत_नाना: माझ्या वकिलाने सव्वा लाख घेतले, पण काम चोख. स्वस्तातला बघू नका.

शुभदा_के: नाना, ते २० म्हणालेत.

कागदीवाघ: साठेखत (विक्रीचा करार) नोंदवलं नाही, आता भोगा. मी टोकन देतानाच नोंदवलं होतं.

अर्धवकील: मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५(६)(ब) बघा. दिलेल्या पैशांचा आणि व्याजाचा बोजा, म्हणजे ते खोलीतून वसूल करायचा हक्क, त्या खोलीवरच बसतो, वेगळं काही लिहून घ्यावं लागत नाही. पण ताबा विनाकारण नाकारणारे तुम्ही ठरलात तर तो हक्क जातो. म्हणून 'खोलीच नको' हे मालकाला कळवण्याआधी वकिलाला भेटा. ७० मागितल्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपा. खोलीवर बँकेचं आधीचं कर्ज असेल तर बँक तुमच्या पुढे.

कागदीवाघ: तीन वर्षांत दावा लावा, नाहीतर गेले पैसे.

अर्धवकील: तीन वर्षं करारपूर्तीच्या, म्हणजे ठरलेली विक्री पूर्ण करून मागायच्या दाव्याला. बोज्याच्या वसुलीला बारा. बारा आहेत म्हणून झोपू नका. दावा लावलात की मुंबईत लिस पेंडन्सची (खोलीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची, नाहीतर नवं गिऱ्हाईक हात वर करतं.

निवांत_नाना: एक लाख रोख?! इन्कमटॅक्सवाले तुम्हाला धरणार.

शुभदा_के: २० हजार किंवा जास्त रोख आगाऊ घेतली तर दंड घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही.

निवांत_नाना: आमच्या सोसायटीत देणाऱ्यालाच नोटीस आली होती.

कागदीवाघ: मी वर म्हटलंच, नोंदवायला हवं होतं.

भांडुपकर_७९: सगळ्यांचे आभार. मामांनी काल दोघांना समोरासमोर बसवलं. मालकाने पुढच्या तारखांचे तीन चेक दिले, मी पावती परत केली. विषय मिटला.

अर्धवकील: मूळ पावती??

शुभदा_के: फोटो तरी काढून ठेवलाय का?

भांडुपकर_७९: बायकोच्या मोबाइलमध्ये असेल. बघतो.