पर्यटन-मार्केटिंगची पीएचडी: ३८४ जणांची प्रश्नावली आता पुरे?

मोजपट्टी
हॉस्पिटॅलिटी-पर्यटनाचं मार्केटिंग शिकवायचं ठरवलं की नेट-सेट या पात्रता परीक्षांनंतर गाडी पीएचडीकडे वळते आणि विषय ठरलेला: 'अमुक जिल्ह्यातील पर्यटकांचे समाधान'. माझं स्पष्ट मत आहे की जो भेटेल त्याच्याकडून फॉर्म भरून घेण्याच्या आराखड्याला नोंदणीच मिळू नये.

किती जणांना विचारायचं याचा ३८४ हा ठरलेला आकडाच घ्या. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक, ५०-५० विभागणी; १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.००२५ म्हणजे ३८४.१६. हिशेब चोख, पण तो यादृच्छिक नमुन्याचा, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांचा. रविवारी दुपारी तारकर्लीला सावलीत बसलेल्यांच्या हातात फॉर्म दिले तर ३८४ काय आणि ३,८४० काय, निवडीतली चूक तेवढीच राहते.

दुसरं दुखणं मोठं आहे. 'समाधानी आहात का?' आणि 'पुन्हा याल का?' हे एकाच कागदावर, एकाच माणसाला, एकाच मिनिटात विचारलं जातं. गडी दोन्हीकडे पाचपैकी चारवर गोल करतो आणि समाधानाचा पुनर्भेटीवर 'लक्षणीय परिणाम' सिद्ध होतो. परत कोण आलं, ते कुणी बघितलेलं नसतं.

वाळूवरचा_हिशेब
निदान बरोबर, औषध चूक. प्रश्नावलीचा दोष नाही, ती कुठे, कधी आणि कुणाला दिली याचा आहे. आधी किनारे, वार आणि तासांचे तुकडे यांचा तक्ता करा, त्यातून चिठ्ठ्या टाकून पाळ्या काढा. ठरलेल्या जागी उभं राहून दर पाचव्या प्रौढाला विचारा. गटात चार जण असतील तर ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आला आहे तो. नाही म्हणणाऱ्यांचीही नोंद हवी. १०० पैकी ४० नकार असतील तर ते प्रबंधात दिसलंच पाहिजे. 'प्रतिसाद उत्तम मिळाला' एवढ्यावर भागत नाही.

फसतं ते भाषांतरात. सर्व्हक्वाल म्हणजे अपेक्षा आणि अनुभव यांची तुलना करून सेवेचा दर्जा मोजणारी प्रश्नावली; तिच्या १९८८ च्या २२ विधानांत ९ नकारार्थी होती. गोंधळ होतो म्हणून १९९१ मध्ये कर्त्यांनीच ती होकारार्थी केली. आपल्याकडे अजून जुनीच उतरवली जातात. 'कर्मचाऱ्यांनी तत्पर असण्याची अपेक्षा ठेवू नये' याला 'असहमत' म्हणजे नेमकं काय, हे वाळूत उभ्या माणसाला कळत नाही. वर अपेक्षेचे प्रश्न मुक्काम संपल्यावर विचारायचे! रूम बघून झाल्यावर माणूस अपेक्षा आठवतो की नव्याने बनवतो? त्यापेक्षा १९९२ चं सर्व्हपर्फ घ्यावं, फक्त अनुभव विचारावा. फॉर्म अर्धा होतो.

चटणीभाकर
दोघेही कागदाला का चिकटलात? ऑनलाइन रिव्ह्यू फुकट पडलेत, हजारोंनी.

वाळूवरचा_हिशेब
फुकट आहेत, पण सरळ नाहीत. फार खूश आणि फार चिडलेले तेवढे लिहितात, मधले गप्प. त्यात खूश दिसणाऱ्या पाहुण्यापुढेच क्यूआर कोड सरकवणारे मालक आहेत. भाषेचं तर विचारूच नका: 'जेवण एक नंबर, रूमची मात्र बोंब' हे रोमन लिपीत आलं की इंग्रजीवर शिकलेलं साधन 'एक नंबर'ला पाचपैकी एक समजू शकतं. आधी ५०० रिव्ह्यू दोन माणसांनी स्वतंत्रपणे हाताने वर्गीकृत करावेत, त्यांचं एकमेकांशी जुळतंय का तपासावं, मगच यंत्राकडे द्यावेत. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच टाळलं जातं.

मोजपट्टी
माझा भर प्रत्यक्ष व्यवहाराच्या आकड्यांवर आहे. ते वर्गातही लागतात. २० खोल्यांचं लॉज. ३,००० दराने १२ गेल्या: ३६,००० रुपये, म्हणजे उपलब्ध खोलीमागे १,८००. दर २,४०० केला, १४ गेल्या: भरलेल्या खोल्या ६० वरून ७० टक्के, मालक खूश, पण गल्ल्यात ३३,६००. गेलेल्या खोलीमागे चादरी-नाश्ता-वीज ५०० धरा. आधी ३०,००० उरत होते, आता २६,६००. निदान तेवढे उरायला १६ खोल्या जायला हव्यात. 'सवलतीने मागणी वाढते' असं फळ्यावर लिहून हे शिकवता येत नाही. असे १२ महिन्यांचे आकडे मिळाले तर प्रबंध होतो.

तासिका_तत्त्व
मिळाले तर! नोकरीची बाजू कुणी बोलतच नाही. २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला नेट-सेट-स्लेट ही किमान अट, पीएचडी ऐच्छिक. नेटला पर्यटन प्रशासन व व्यवस्थापन हा विषय आहे; राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेच्या संस्थांत एनएचटीईटी ही वेगळी परीक्षा. पीएचडीला प्रवेश घेतला की किमान तीन वर्षं, कमाल सहा. तासिकेवर शिकवणारा माणूस त्यात हॉटेलांच्या पायऱ्या झिजवत बसेल की फॉर्म भरून घेईल? २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती गेली, पण पदोन्नतीला निबंध मोजले जातातच. प्रश्नावलीतून तीन निघतात, लॉजच्या वहीतून कष्टाने एक. आधी हे गणित बदला.

मोजपट्टी
गणित वाईट आहे म्हणून चुकीचं मोजमाप बरोबर ठरत नाही. दहा घरगुती निवासांच्या वह्या मागा. नावं नकोत, तारीख, खोल्या, दर, बुकिंग कुठून आलं, एवढ्या रकान्यांची झेरॉक्स पुरे. नावं झाकून दिली तर मालकही तयार होतात.

वाळूवरचा_हिशेब
दर आणि भरलेल्या खोल्यांच्या हिशेबाला पुरेल. पण तुमचा पहिला आक्षेपच होता की परत कोण आलं ते कुणी बघत नाही. वहीत 'अमुक पाटील +४' एवढंच असतं. पुढच्या मे महिन्यात तेच पाच जण येतात, बुकिंग मात्र मेव्हण्याच्या नावावर. नावं झाकलीत तर तेही गेलं. मालकाने स्वतःच प्रत्येक मोबाइल क्रमांकाला एक सांकेतिक आकडा दिला आणि यादी स्वतःकडेच ठेवली तर थोडं हाती लागेल, पण मेव्हण्याचा क्रमांक वेगळाच. तो कसा पकडणार, ते सांगा.